सांडपाण्यावर चालणारे कारखाने: इरुंगाट्टुकोट्टैचा पाण्याचा इतिहास

इरुंगाट्टुकोट्टै हे चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडचे गाव. नावातला ‘कोट्टै’ म्हणजे मराठीतला कोट. आज तिथे कोट नाही. आहेत ते तमिळनाडू सरकारच्या ‘सिपकॉट’ महामंडळाच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने: ह्युंदाईचे दोन मोटार कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कोरियन आणि देशी कंपन्या, पादत्राणे तयार करणारे उद्योग. जवळच 1990 मध्ये सुरू झालेला मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. कारखानदारीला लागणारी सपाट जमीन, महामार्ग, बंदर आणि कुशल कामगार या सगळ्या गोष्टी इथे होत्या. नव्हते ते बारमाही पाणी. या भागातल्या उद्योगांनी पाणी पुन्हा वापरायचे, कचरा कमी करायचा आणि टाकाऊतून पैसा उभा करायचा हे जे शिकून घेतले, त्याच्या मुळाशी ही एकच उणीव आहे.

चेन्नईत वर्षाला सरासरी 1,400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा पुणेकराला हेवा वाटावा असा आहे. पण त्यातला मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, तोही वादळांच्या मोजक्या फेऱ्यांत कोसळतो. बारमाही वाहणारी मोठी नदी या प्रदेशात नाही. पालार वर्षातला बहुतेक काळ वाळूचे पात्र असते. जे पडते ते त्या चार-दोन आठवड्यांत अडवले तर आपले, नाहीतर समुद्राचे. म्हणून इथल्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी एरी बांधल्या. एरी म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला मातीचा लांबलचक बांध घालून केलेला उथळ तलाव. वरची एरी भरली की सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्या एरीत जाते, तिथून पुढच्या. कांचीपुरम आणि चेंगलपट्टू परिसरात अशा हजारो एरी एकमेकींना जोडलेल्या आहेत. इरुंगाट्टुकोट्टैच्या शेजारचा चेंबरंबाक्कम हा त्यांतल्या सर्वांत मोठ्या तलावांपैकी एक. त्याची पूर्ण क्षमता 3,645 दशलक्ष घनफूट असून सांडव्याचे पाणी अड्यार नदीत उतरते.

या तलावांची निगा कोण राखत होते, याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. कांचीपुरम जिल्ह्यातल्याच उत्तिरमेरूर इथे पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. 919 आणि 921 चे दोन शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्या चिठ्ठ्या टाकून कशा निवडायच्या याचे नियम त्यांत दिले आहेत. त्या समित्यांपैकी एक ‘एरि वारियम्’, म्हणजे तलावाची समिती. पूर्वी समितीवर काम करून ज्याने हिशेब दिला नाही, तो पुन्हा निवडीला अपात्र. इतकेच नव्हे, त्याचे जवळचे नातलगही अपात्र. अकराशे वर्षांपूर्वीच्या या नियमाची करडी शिस्त आजच्या कोणत्याही पर्यावरण अहवालाला लाजवील अशी आहे. उन्हाळ्यात एरी आटली की तळाचा गाळ काढून शेतात टाकायचा, त्याच गाळाने बांध मजबूत करायचा, हे काम गावकरी मिळून करीत. त्याला ‘कुडिमरामत्तु’ म्हणत. तलावाचा कचरा तेच शेताचे खत, असा हा व्यवहार होता. फेकून देण्याजोगे त्यात काही उरतच नसे.

चेंगलपट्टूचा मुलूख 1763 मध्ये अर्काटच्या नवाबाकडून जहागीर म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. 1790 च्या दशकात इथे कलेक्टर असलेल्या लायोनेल प्लेसने तलावदुरुस्तीवर बरेच लक्ष दिले. मदुरांतकमच्या तलावाचा बांध राम-लक्ष्मणांनी पुराच्या रात्री राखला आणि ते या साहेबाने डोळ्यांनी पाहिले, अशी आख्यायिका आहे. तिथल्या रामाला ‘एरी कात्त रामर’, तलाव राखणारा राम, असेच म्हणतात. मात्र महसुलाची नवी पद्धत आली आणि तलाव गावाचे न राहता सरकारी खात्याचे झाले. गावाचा हक्क गेला तसे गावाचे कामही सुटले. 1858 मध्ये मद्रास इलाख्यात सक्तीच्या श्रमाचा कायदा करून ते काम पुन्हा लोकांच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न झाला. आपखुशीने होणारी गोष्ट कायद्याच्या धाकाने झाली नाही. एरी गाळाने भरत गेल्या. मद्रास शहर वाढले तसे शेतीसाठी बांधलेले चेंबरंबाक्कम पुढे शहराला पाणी पुरवणाऱ्या प्रमुख तलावांपैकी एक झाले.

अशा परिसरात कारखाने येऊ लागले तेव्हा प्रश्न दुहेरी होता: पाणी आणायचे कुठून आणि वापरलेले सोडायचे कुठे? दुसऱ्या प्रश्नाचे कडू उत्तर याच महामार्गावर पुढे गेल्यावर वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या पालार खोऱ्यातल्या चामड्याच्या गावांनी आधीच दिले होते. एक किलो चामडे तयार करायला सुमारे 35 लिटर पाणी लागते आणि ते मीठ, क्रोमियम अशा रसायनांसह बाहेर पडते. ते वर्षानुवर्षे नदीत आणि शेतात गेले. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या पाहणीनुसार या पट्ट्यातली सुमारे 35,000 हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक झाली होती. ‘वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम’ने दाखल केलेल्या खटल्यात 28 ऑगस्ट 1996 रोजी निकाल लागला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग मानले. पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक टॅनरीला 10,000 रुपये दंड केला. त्या पाचांत चेंगई एम.जी.आर. हा जिल्हाही होता आणि इरुंगाट्टुकोट्टै तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. नद्या-तलावांच्या काठापासून ठरावीक अंतरात अतिप्रदूषक उद्योगांना मनाई करणारा 1989 चा राज्य सरकारचा आदेश काटेकोर अमलात आणा, असेही न्यायालयाने बजावले.

कातडी कमावणाऱ्यांना हा निकाल जड गेला. त्यातून जे टिकले त्यांना मात्र एक हिशेब उमगला. क्रोमच्या हौदात टाकलेल्या क्रोमियमपैकी साठ-सत्तर टक्केच कातडी शोषून घेते. उरलेले पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे कारखानदार पैसे मोजून घेतलेल्या रसायनाचा तिसरा हिस्सा गटारात ओतत होता, आणि वर दंड भरत होता. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने यावर जी पद्धत रुळवली ती सोपी आहे: वापरलेल्या पाण्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घालायचे, क्रोमियम तळाला बसू द्यायचे, वरचे पाणी काढून तो साका गंधकाम्लात विरघळवायचा आणि पुन्हा हौदात वापरायचा. पादत्राणांच्या कारखान्यांचे ग्राहक बहुतेक परदेशी. चामडे कुठून आले, कसे कमावले, हे ते विचारतात. सांडपाण्याची व्यवस्था नसलेल्या टॅनरीचा माल अशा बाजारात उभा राहू शकत नाही.

त्याच 1996 च्या मे महिन्यात ह्युंदाई मोटर इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिने इरुंगाट्टुकोट्टैची निवड केली. सप्टेंबर 1998 मध्ये सँट्रो बाजारात आली. 2008 मध्ये दुसरा कारखाना सुरू झाला. जून 2021 मध्ये इथून एक कोटीवी गाडी बाहेर पडली. गाडीच्या कारखान्यात पाण्याचा मोठा खप पेंट शॉपमध्ये असतो, आणि काटकसर म्हणजे नेमके काय हे पाहायचे तर तिथेच पाहावे. पत्र्याचा उघडा सांगाडा आधी तेल-धूळ काढण्यासाठी धुतला जातो, त्यावर रसायनांचा पातळ थर चढवला जातो, मग तो रंगाच्या मोठ्या हौदात पूर्ण बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. विजेमुळे रंग कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन चिकटतो. सांगाडा वर येतो तेव्हा न चिकटलेला रंग त्याच्यावरून ओघळत असतो. तो साध्या पाण्याने धुतला तर रंगही गेला आणि पाणीही. म्हणून हौदातलेच द्रावण अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळतात. रंगाचे कण अलीकडे राहतात, पलीकडे जवळजवळ स्वच्छ द्रव येतो. सांगाडा त्या द्रवाने धुतात आणि धुवण रंगासकट परत हौदात जाते. आधीच्या धुलाईतही स्वच्छ पाणी शेवटच्या टप्प्याला देऊन तेच मागच्या टप्प्यांकडे फिरवतात, त्यामुळे सर्वांत मळक्या सांगाड्यावर सर्वांत वापरलेले पाणी पडते. घरात तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालणाऱ्या गृहिणीला हा विचार नवा वाटणार नाही.

धातूच्या बाबतीत हिशेब अधिकच उघड आहे. प्रेस शॉपमध्ये दारे आणि छत कापून उरलेला पत्रा हे उत्तम प्रतीचे भंगार. ते पोलाद आणि ओतकाम करणाऱ्यांकडे जाते. सुटे भाग पुरवणारे कारखाने शेजारीच असल्याने भाग खोक्यांऐवजी परत जाणाऱ्या लोखंडी-प्लॅस्टिकच्या पेट्यांत येतात. रिकाम्या पेट्या त्याच गाडीने माघारी जातात आणि पुठ्ठा-लाकडाचा ढीग साचतच नाही. श्रीपेरुंबुदूरला 2000 मध्ये सेंट-गोबेनचा काचकारखाना उभा राहिला. काचेच्या भट्टीत जुनी फुटकी काच घातली की मिश्रण लवकर वितळते. दर 10 टक्के फुटक्या काचेमागे ऊर्जेची सुमारे अडीच-तीन टक्के बचत होते. रंगाची मळी आणि तेलकट गाळ ही मात्र अवघड जात. 2016 च्या घातक कचरा नियमांनी असा काही कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळण्याची वाट मोकळी केली.

एवढे करूनही नवे पाणी लागतेच. त्याचा मार्ग चेन्नईच्या उत्तरेला मनळी इथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडला होता. तिथल्या तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांनी दुष्काळाचे चटके बसल्यावर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी विकत घेऊन स्वतः शुद्ध करायला सुरुवात केली. हा देशातल्या अशा पहिल्या प्रयोगांपैकी एक. 2003 मध्ये राज्याने प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जिरवणे सक्तीचे केले. पुढे 1 डिसेंबर 2015 रोजी चेंबरंबाक्कममधून 29,000 क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि अड्यारकाठची वस्ती बुडाली. चार वर्षांनी, जून 2019 मध्ये, तोच तलाव कोरडा होता; काही माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एकाच तलावाने चार वर्षांत दोन्ही टोके दाखवली. एरी बुजवून आणि त्यांचे ओढे अडवून उभ्या राहिलेल्या बांधकामांचा, त्यांत कारखान्यांचाही, त्यात वाटा आहे, हे नाकारून चालणार नाही.

2019 मध्येच शहराच्या पश्चिमेला कोयंबेडू इथे रोज 4.5 कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र सुरू झाले. घराघरांतले सांडपाणी नेहमीच्या प्रक्रियेनंतर आणखी बारीक गाळायचे, मग उलट परासरणाच्या पडद्यांतून दाबाने ढकलून त्यातले क्षार काढायचे आणि शेवटी ओझोनने निर्जंतुक करायचे, अशी तिथली रीत. हे पाणी जलवाहिनीने इरुंगाट्टुकोट्टै, श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या वसाहतींना दिले जाते. कारखान्यांच्या दृष्टीने ते विहिरीच्या पाण्यापेक्षा सरस आहे: विहिरीच्या क्षारांनी बॉयलरमध्ये थर बसतो, रंगकामावर डाग पडतात, आणि ते क्षार काढण्याचा खर्च कारखान्यालाच करावा लागतो. याहून मोठा लाभ भरवशाचा आहे. पाऊस पडो न पडो, लाखो लोकांचे शहर रोज सांडपाणी सोडतेच. टँकर आला नाही म्हणून पेंट शॉप एक दिवस थांबले तर अडकणाऱ्या गाड्यांच्या किमतीपुढे पाण्याचे बिल किरकोळ ठरते.

विजेतही हेच गणित चालते. 2003 च्या वीज कायद्याने आणि 2005 च्या नियमांनी, वीजप्रकल्पात किमान 26 टक्के भांडवल घेणाऱ्या आणि 51 टक्के वीज वापरणाऱ्या ग्राहकांना ती वीज स्वतःची म्हणून वापरता येते. ह्युंदाईने केलेल्या एका कराराप्रमाणे तमिळनाडूत 75 मेगावॉटचा सौर आणि 43 मेगावॉटचा पवन प्रकल्प या पद्धतीने उभारायचे ठरले.

महाराष्ट्राला यातले काही नवे नाही. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी केंद्रातले रोज सुमारे 13 कोटी लिटर शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाते; कोयंबेडूच्या जवळजवळ तिप्पट. आता मावळाशीही इरुंगाट्टुकोट्टैचे नाते जडले आहे. जनरल मोटर्सचा तळेगाव दाभाडे इथला बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने 2023 च्या कराराने घेतला आणि 2025 मध्ये तिथे गाड्या तयार होऊ लागल्या.

चेन्नईच्या हिशेबात मात्र मोठी शिल्लक अजून बाकी आहे. कोयंबेडूच्या केंद्रांची सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता रोज सुमारे 21 कोटी लिटरची आहे. त्यातून कारखान्यांच्या वाहिनीत जाण्याजोगे पाणी तयार होते 4.5 कोटी लिटर. बाकीचे बरेचसे कूवम नदीला मिळते आणि तिथून समुद्राला.