न घडणाऱ्या घटनेचा पहारा

युद्धसाधनांचा इतिहास बहुधा त्यांच्या वापराच्या अंगाने लिहिला जातो. कोणती तोफ कोणत्या लढाईत गाजली, कोणत्या विमानाने कोणते शहर बेचिराख केले, यांवरून त्या साधनाची थोरवी किंवा भीषणता ठरते. या साधनांच्या निवडीचा इतिहास मात्र मागणीपत्रे, निविदा, संसदीय समित्यांच्या सुनावण्या आणि अर्थसंकल्पाचे तक्ते यांत घडत असतो. तो रुक्ष मानला जातो आणि साहित्याचा अभ्यासक त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आम्हांला मात्र त्यात कथनाचाच एक मूलभूत प्रश्न दडलेला दिसतो. जिथे काही घडतच नाही, किंबहुना काही न घडणे हेच ज्याचे यश आहे, अशा कामाची गोष्ट सांगायची कशी? अमेरिकी हवाई दलाने आपल्या ‘यूएच-१एन’ या हेलिकॉप्टराला पर्याय शोधण्यात जी वर्षे घालवली, त्यांचा वृत्तान्त या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

हे हेलिकॉप्टर ज्या कुळातले, त्याला गोष्टींचा तोटा नाही. बेल कंपनीच्या या कुळाचा पहिला नमुना ऑक्टोबर १९५६ मध्ये उडाला. सैन्याने त्याला ‘इरोक्वा’ हे अधिकृत नाव दिले. परंतु ‘एचयू-१’ या मूळ सांकेतिक अक्षरांवरून सैनिकांनी ‘ह्यूई’ असे लाडके नाव पाडले आणि तेच टिकले. व्हिएतनामच्या युद्धाची प्रतिमा ह्यूईवाचून मनात उभीच राहत नाही. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या १९७९ च्या चित्रपटाने तर ती जगभर नेली. दोन इंजिनांचे यूएच-१एन हे त्याच कुळातले धाकटे भावंड. ते १९७० मध्ये हवाई दलात आले, तेही वादातूनच. इंजिन कॅनडात बनलेले आणि कॅनडाच्या सरकारचा व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा नाही, म्हणून संसदेतील सशस्त्र सेवा समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांनी या खरेदीला विरोध केला होता. यंत्राची निवड केवळ यंत्राच्या गुणांवर होत नाही, हे या प्रकरणात अगदी आरंभीच दिसून आले.

पुढे या हेलिकॉप्टरांच्या वाट्याला आलेली कामे पाहावीत. माँटाना, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या राज्यांतील तीन तळांच्या अखत्यारीत अण्वस्त्रवाहू मिनटमन क्षेपणास्त्रे जमिनीखालच्या कोठारांत उभी आहेत. एकट्या माँटानातील माल्मस्ट्रॉम तळाचे क्षेत्र सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटरांचे. गहू पिकवणाऱ्या, गुरे चारणाऱ्या या ओसाड प्रदेशात ही कोठारे एकमेकांपासून कित्येक मैलांवर विखुरलेली आहेत. रस्त्याने अण्वस्त्रे नेणाऱ्या ताफ्यावरून उडत राहणे आणि एखाद्या कोठारावर संकट आले, तर सशस्त्र पहारेकऱ्यांना तेथे तातडीने पोहोचवणे, हे ह्यूईचे काम. दुसरे काम राजधानीत. वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावरील तुकडीने आणीबाणीच्या प्रसंगी राज्यकर्त्यांना शहराबाहेर सुरक्षित न्यायचे आणि एरवी वरिष्ठांची ने-आण करायची.

दोन्ही कामांत एक साम्य आहे. ज्या घटनेसाठी ती अस्तित्वात आहेत, ती घटना घडू नये अशीच सर्वांची इच्छा असते. पहारा चोख असला, की पहाऱ्याच्या नोंदवहीत लिहिण्याजोगे काही उरत नाही. आणि जे नोंदवहीत नाही, ते अर्थसंकल्पाच्या चर्चेत येत नाही. हे यंत्र पुरेसे वेगवान नाही, पुरेसे दूर जात नाही, पुरेशी माणसे वाहून नेत नाही, हे हवाई दलाला ठाऊक होते. ९३ नवी हेलिकॉप्टरे घेण्याची एक योजनाही आखली गेली. त्या योजनेच्या नावात ‘सामायिक’ हा शब्द मुद्दाम घातला होता. पहारा आणि वाहतूक या दोन्ही गरजा एकाच यंत्राने भागाव्यात, असा तिचा आशय. परंतु २०१२ मध्ये, काटकसरीच्या काळात, ती गुंडाळण्यात आली. ज्याच्या अभावी कोणाचेही बिघडलेले दिसत नाही, ते पुढे ढकलणे सर्वांत सोपे असते.

मग गोष्ट मिळाली. पण ती हेलिकॉप्टरांची नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये माल्मस्ट्रॉम तळावरील क्षेपणास्त्र अधिकाऱ्यांनी परीक्षेत नक्कल केल्याचे प्रकरण उघडकीला आले. त्यानंतर संरक्षणमंत्री चक हेगल यांनी अण्वस्त्रव्यवस्थेची तपासणी करवली. नोव्हेंबरमध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा लोकांच्या स्मरणात राहिला तो एक साधा तपशील. क्षेपणास्त्रांच्या देखभालीला लागणाऱ्या विशिष्ट हत्यारांचा एकच संच तीन तळांत मिळून होता आणि तो कुरिअरने एका तळावरून दुसऱ्या तळावर पाठवला जात असे! सगळे तक्ते जे सांगू शकले नव्हते, ते त्या फिरत्या पेटीने सांगितले. जुन्या हेलिकॉप्टरांचा प्रश्नही त्या प्रकाशात पुन्हा ऐरणीवर आला.

तरीही निवड सरळ झाली नाही. भूदलाच्या चालू कंत्राटातून, स्पर्धेवाचूनच, ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे घ्यावीत, असा विचार पुढे आला. गरज तातडीची आहे, हे त्यामागचे समर्थन. परंतु जी गरज वर्षानुवर्षे थांबू शकली, ती एकाएकी तातडीची कशी झाली, हा प्रश्न अटळ होता. २०१६ मध्ये खुल्या स्पर्धेचा मार्ग स्वीकारण्यात आला. ताशी १३५ नॉटचा वेग, इंधन न भरता २२५ सागरी मैलांचा पल्ला आणि नऊ सुसज्ज सैनिक वाहण्याची क्षमता, अशा मोजक्या आकड्यांत गरज बांधली गेली. सिकोर्स्की कंपनीने निविदेतील तांत्रिक माहितीच्या हक्कांविषयी केलेली तक्रार मे २०१८ मध्ये फेटाळली गेली. २४ सप्टेंबर २०१८ रोजी बोईंगला कंत्राट मिळाले : ८४ पर्यंत हेलिकॉप्टरे, सुमारे २३८ कोटी डॉलर. हवाई दलाचा स्वतःचा अंदाज ४१० कोटींचा होता.

निवडलेले ‘एमएच-१३९’ हे मुळात इटलीचे, ‘एडब्ल्यू१३९’ या नागरी हेलिकॉप्टरावर बेतलेले. त्याची वंशावळ मनोरंजक आहे. ते बनवणारी ऑगुस्टा कंपनी पूर्वी बेलच्याच परवान्याने ह्यूई बांधत असे. आणि १३९ ची आखणीही या दोन कंपन्यांनी मिळून केली होती. बेल २००५ मध्ये त्यातून बाहेर पडली. म्हणजे ह्यूईच्या जागी आलेला नवा भिडू पूर्णतः परका नव्हताच.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याला ‘ग्रे वुल्फ’, म्हणजे करडा लांडगा, हे नाव देण्यात आले. क्षेपणास्त्रांच्या त्या उत्तरेकडील प्रदेशात हा प्राणी वावरतो, हे नावामागचे एक कारण. नावांचा हा व्यवहार आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो. इरोक्वा हे नाव ज्यांच्यावरून घेतले, ते लोक स्वतःला हौदनोशोनी म्हणवतात आणि त्यांच्या बहुतेक भूमीवरून त्यांना हुसकावण्यात आले. पश्चिमेकडील राज्यांतून लांडगाही विसाव्या शतकात जवळजवळ नामशेष केला गेला होता. १९९५ मध्ये तो कॅनडातून आणून यलोस्टोनमध्ये सोडावा लागला. जे आपणच उखडले, त्याचेच नाव आपल्या सामर्थ्याला द्यायचे, अशी ही रीत आहे.

पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. नागरी यंत्र तयार मिळते, म्हणून ते स्वस्त. पण त्यात केलेल्या लष्करी बदलांना नागरी उड्डाण नियामकांची प्रमाणपत्रे मिळवता मिळवता वेळापत्रक लांबले. हवाई दलाने पहिली चार हेलिकॉप्टरे ऑगस्ट २०२२ मध्ये ताब्यात घेतली. माल्मस्ट्रॉमला पहिले हेलिकॉप्टर मार्च २०२४ मध्ये पोहोचले. ह्यूईच्या आगमनाला तेव्हा ५४ वर्षे झाली होती. त्याच महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात एकूण खरेदी ४२ वर आणण्यात आली. क्षेपणास्त्रांच्या पहाऱ्याला अग्रक्रम मिळाला आणि राजधानीतील काम त्यातून वगळले गेले. संख्या घटल्याने प्रत्येक यंत्राचा सरासरी खर्च वाढला, तो निराळाच. ‘सामायिक’ या शब्दाने जोडलेल्या दोन गरजा अशा रीतीने पुन्हा वेगळ्या झाल्या.

या इतिहासात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. टाळाटाळ करणाऱ्या प्रत्येकापाशी त्या त्या वर्षी पटण्याजोगे कारण होते. प्रश्न आहे तो आपल्या ऐकण्याच्या सवयीचा. आपत्ती आली, की तिला आरंभ, मध्य आणि शेवट आपोआप लाभतो. टळलेल्या आपत्तीला तो लाभत नाही. म्हणून देखभाल, राखण, दुरुस्ती ही कामे साहित्यात जशी क्वचित येतात, तशीच ती राज्यकारभाराच्या कथनातही मागे पडतात, आणि त्यांची किंमत जुन्या यंत्रांत बसून पहारा देणारी माणसे मोजत असतात. शिवाय ही माणसे ज्यांची राखण करतात, त्या अस्त्रांविषयीही आपली इच्छा एवढीच असते, की त्यांची गोष्ट कधीही कोणाला लिहावी लागू नये.