एल्बकाठची सरहद्द

1892च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गात पटकीची साथ उसळली आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे आल्टोना मात्र बरेचसे बचावले. हॅम्बुर्गात हजारामागे सुमारे 13 जण गेले, आल्टोनात सुमारे 2. दोन्ही शहरांची घरे एकमेकांना भिडलेली, हवा एक, जमीन एक आणि पिण्याचे पाणीही एकाच एल्ब नदीचे. आल्टोना तर ते हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, त्याची सगळी घाण मिसळल्यावर उचलत असे. पण 1859पासून ते वाळूतून गाळून घेत होते. हॅम्बुर्ग न गाळताच नळाला सोडत होते. सरहद्दीवरची हॅम्बुर्गर प्लाट्झ ही वसाहत हॅम्बुर्गच्या हद्दीत असूनही आल्टोनाच्या नळावर होती. तिथे पटकी शिरलीच नाही. रोगाचा हा नकाशा निसर्गाने नव्हे, नगरकारभाराने आखला होता.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर हे मानायला तयार नव्हते. नुसत्या जंतूने साथ येत नाही, स्थानिक जमीन आणि भूजल अनुकूल असावे लागते, असे त्यांचे मत होते. ते सिद्ध करायला त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात पटकीचे जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि ते थोडक्यात निभावले. धैर्य मोठे खरे, पण एका माणसाच्या बचावाने शहराचा हिशोब सुटत नाही. जमिनीचाच दोष असता तर आल्टोनाही तसेच होरपळले असते. काहींनी रशियातून अमेरिकेला निघालेल्या गरीब स्थलांतरितांवर खापर फोडले. जंतू त्यांच्याबरोबर आला असेलही, पण त्यांची वर्दळ ब्रेमेन बंदरातही होती आणि तिथे असा हाहाकार माजला नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप वेगळा आहे. हॅम्बुर्गात श्रीमंत आणि गरीब यांच्या नळाला एकच पाणी होते. मग गरीब कितीतरी अधिक प्रमाणात का मेले? कारण पाणी उकळायला सरपण आणि नोकर लागतात, शहर सोडायला पैसा लागतो आणि गँगेफिर्टेल या गरीब वस्तीच्या कोंदट गल्ल्यांत एका आजाऱ्यापासून घरातल्या इतरांना दूर ठेवायला जागाच नव्हती. म्हणजे नळाने शहराशहरांत भेद केला आणि उत्पन्नाने एकाच शहरात. दोन्हींचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. हॅम्बुर्गच्या प्रतिनिधी सभेत घरमालक आणि प्रतिष्ठितांसाठी राखीव जागा होत्या, बहुसंख्य कामगारांना मतच नव्हते, आणि गाळण्याचा खर्च कोणी सोसायचा यावर वर्षानुवर्षे वाद चालला. व्यापार थांबेल या धास्तीने साथ जाहीर करायलाही उशीर झाला. गाळणकेंद्राचे काम साथीनंतर घाईने उरकून मे 1893मध्ये शहराला गाळलेले पाणी मिळाले. मतदानाचा हक्क त्यानंतर काहीसा वाढला, पण कामगारांचे प्रतिनिधी सभेत दिसू लागताच 1906मध्ये कमी उत्पन्नाच्या मतदारांचे वजन कायद्याने पुन्हा घटवण्यात आले.