हिरवळीची कड

फुलांचा वाफा आणि त्यालगतची हिरवळ यांच्यामधील तीन-चार इंच खोलीचा चर पाहणाराच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. मात्र इंग्लंडांतील उद्यानांचा इतिहास चाळला असतां या लहानशा चराचा एक वडील भाऊ आढळतो.

सतराव्या शतकांत तेथील श्रीमंतांच्या बागा उंच भिंतींनीं वेढलेल्या असत. भिंतीमुळें गुरें बाहेर राहात. पण पलीकडचीं कुरणें व वनराई हींही दृष्टीआड होत. १७०९ सालीं देझालिए दार्जांव्हील या फ्रेंच लेखकानें आपल्या उद्यानविषयक ग्रंथांत भिंतीऐवजीं खंदकाची युक्ति वर्णिली. पुढें चार्ल्स ब्रिजमन यानें स्टो येथील विस्तीर्ण उद्यानास असा खंदक केला. या खंदकाची बागेकडील बाजू उभी, बाहेरील उतरती. गुरें अडत, दृष्टि अडत नसे. फिरतां फिरतां अवचित खंदक पुढें आला कीं लोकांच्या तोंडून उद्गार निघे. त्यावरून त्यास ‘हा-हा’ हेंच नांव पडलें.

अठराव्या शतकाच्या मध्यास लॅन्सलॉट ब्राउन यानें हिरवळ थेट वाड्याच्या भिंतीपर्यंत नेली आणि फुलांचे ताटवे दूर सारले. हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) यानें ते पुनः घराजवळ आणले. एकोणिसाव्या शतकांत तर हिरवळींतच गोल, लंबगोल वाफे कापण्याची रीत पसरली. आतां आक्रमण गुरांचें नव्हतें, गवताचें होतें. उपाय मात्र त्याच आकाराचा. हिरवळीकडील बाजू उभी कापावी, वाफ्याकडील उतरती ठेवावी. गवताचे सरपटणारे देठ व उथळ मुळ्या उभ्या कडेशीं येऊन उघड्या हवेंत सुकतात, आणि उतारामुळें वाफ्याची माती एकदम ढासळत नाहीं.

१८३० सालीं ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग यानें लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचें यंत्र बनवून त्याचें पेटंट घेतलें. तत्पूर्वीं लांब दांड्याच्या विळ्यांनीं, पहांटेचें दंव आहे तोंवर, हिरवळ कापावी लागे. ते श्रम यंत्रानें वांचविले. पण कडेवर लवलेलें गवत पात्यांतून निसटे, व यंत्र फार जवळ नेल्यास चरांत घसरे. कड राखण्याचें काम माळ्याच्या कातरीकडेच राहिलें.

आज त्यासाठींही यंत्रें निघालीं आहेत. रीत मात्र जुनीच आहे. वसंतांत एकदां दोरी लावून अर्धचंद्राकृति पात्यानें कड कापावयाची, आणि गवत वाढीस लागलें कीं दर आठवड्यास कातर फिरवावयाची. दरवर्षीं बोटभर हिरवळ कापली गेली, तर दहा-बारा वर्षांत वाफा वीतभर सरकतो. महाराष्ट्रांत हरळीचे देठ जमिनीखालून खोल जातात. तेथें चर पुरत नाहीं, ते खणून काढावे लागतात.

स्टो येथील खंदकाचा बराच भाग सुमारें तीनशें वर्षांनंतरही शाबूत आहे, आणि ब्रिजमनचें नांव इतिहासांत आहे. वाफ्याभोंवतालचा चर दोन वर्षें दुर्लक्षिला तर गवतांत बुजून जातो. ज्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या गुडघे टेकून राखला, त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत. स्वच्छ कापलेली कड हीच त्यांची नोंद, आणि तीही पुढल्या आठवड्यापर्यंतच टिकणारी.