बोरूपासून कातीव लेखणीपर्यंत

(नभोवाणीवरील भाषण)



घोटी हें आमचें गांव भाताच्या गिरण्यांसाठीं ओळखलें जातें. लेखणीसाठीं त्याचें नांव कोणी घेणार नाहीं. तथापि गेल्या पावसाळ्यांत येथील एका सुताराच्या लहानशा लेथवर मीं स्वतः एक सागवानी लेखणी कातली. ती हातांत घेतली म्हणजे मुलांचें अक्षर सुधारण्यांत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. पूर्वीं लिहिणारा आपली लेखणी आपणच करी. तें काम त्याच्या हातून गेलें कसें?

शिवकालीं आणि पेशवाईंत राज्याचा कारभार मोडींत चाले, आणि मोडी लिहिली जाई ती बोरूनें. बोरूचें टोंक चाकूनें तिरकस तासावयाचें, मधोमध बारीक चीर द्यावयाची, आणि शाईंत बुडवून पाहावयाचें. टोंक रुंद असेल तर अक्षर ठसठशीत, अरुंद असेल तर नाजूक. झिजलें कीं पुन्हां तासावयाचें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशांत लेखनाला एक स्वतंत्र वर्ग दिलेला आहे, इतका त्या कामाचा मान होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं पोलादी निबें यंत्रावर घाऊक निघूं लागलीं. पुढें १८६५ सालीं आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीस आली आणि विलायती मालाला देशावर येण्याची वाट सुकर झाली. कातीव लांकडी दांडी आणि तिच्या टोंकाला पोलादी नीब, असा टाक शाळाकचेऱ्यांतून रुळला. बोरूचा चाकू निरुपयोगी झाला. नीब बिघडलें कीं दुसरें विकत आणावें, एवढेंच उरलें. फाउंटन पेन आल्यावर तर सबंध लेखणीच दुकानांतून येऊं लागली.

या परावलंबनाला उत्तर देण्याचा एक यत्न आपल्या वर्ध्याशीं निगडित आहे. आंध्रांतील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम् यांनीं तयार केलेलें फाउंटन पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत महात्मा गांधींकडे पोहोंचलें. १६ जुलै १९३५ रोजीं गांधीजींनीं रत्नम् यांना पत्र लिहून आभार मानले, आणि बाजारांतील विदेशी पेनांऐवजीं तें चांगलें चालेल असा अभिप्राय दिला.

कातकाम आपल्याकडे जुनेंच आहे. लांकूड दोन अणकुचीदार खिळ्यांमध्यें धरावयाचें, त्याला दोरीचा वेढा देऊन तें आळीपाळीनें फिरवावयाचें, आणि पटाशी टेकवावयाची, अशी पूर्वींची रीत. सावंतवाडीच्या कारागिरांचें नांव अशाच कातीव कामामुळें सर्वतोमुखीं झालें. फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून चढते. केवड्याचें पान घासून तिला चकाकी आणतात.

आतां दोरीच्या जागीं विजेची मोटर आली, पण लांकडाचा स्वभाव बदललेला नाहीं. माझा पहिला तुकडा नुकत्याच तोडलेल्या फांदीचा होता. कातून ठेवला आणि आठवड्याच्या आंत तो उभा चिरला. मग एका मोडक्या बाकाचा जुना, मुरलेला पाय घेतला. त्याला मधोमध भोंक पाडलें, आंत पितळी नळी बसविली, आणि पटाशीनें हलक्या हातानें गोलाई आणली. जोर केला कीं पटाशी रुते व लांकूड उचकटे. मुलांच्या बोटांवर सैल धरा, सैल धरा म्हणून ओरडणाऱ्या मला तो धडा साठीनंतर स्वतः गिरवावा लागला!

या लेखणीचें नीब मीं विकतच आणलें. म्हणजे ती अर्धीच माझी आहे. बोरू तासणाऱ्याची मात्र ती पुरी असे, आणि अक्षर बिघडलें तर दोष कोणाचा हेंही त्याला ठाऊक असे. अशा बोरूंनीं लिहिलेल्या मोडी कागदांचे हजारों रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत, आणि ते वाचूं शकणारे थोडे. लेखणी हातांतून गेली, तिच्यामागून लिपीही गेली. म्हणून माझी विनंती एवढीच कीं, येत्या सुटींत आपल्या मुलांकडून निदान एक बोरू तासवून घ्या आणि त्यानें त्यांना स्वतःचें नांव लिहूं द्या. तें नांव मोडींत लिहितां आलें, तर फारच उत्तम.