बुटकं भात आणि त्याचं गणगोत

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता : "एकाच जनुकाने भातातली हरितक्रांती घडवली, हे खरं का?" उत्तर अर्धं 'हो' आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला थोडं मागे, तैवानला जावं लागेल.

तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. तिथे 'बाकानाए' नावाचा भाताचा रोग होता. जपानीत त्याचा अर्थ 'वेडं रोप'. रोग लागलेलं रोप शेजाऱ्यांपेक्षा भराभर उंच व्हायचं, फिकट पडायचं आणि बहुधा दाणा न भरताच मरायचं. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवून दिलं की बुरशीने सोडलेला एक पदार्थच ही उंची वाढवतो. १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला 'जिबरेलिन' हे नाव दिलं. पुढे कळलं की हे संप्रेरक वनस्पती स्वतःसुद्धा तयार करतात.

आता योगायोग पाहा. त्याच तैवानात 'डी-जिओ-वू-जेन' नावाचा एक बुटका वाण शेतकरी पिकवत होते. त्यात जिबरेलिन कमी तयार होतं, पण हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शेतकऱ्याला दिसत होतं ते एवढंच, की हे भात लोळत नाही. उंच भाताला खत जास्त घातलं की ते वाढतं, लोंबी जड होते आणि पीक आडवं पडतं. म्हणजे खताचा खर्चही गेला आणि दाणाही गेला. १९६०च्या दशकात आशियात धान्याची टंचाई असताना ही साधी गोष्ट नव्हती.

१९५६ मध्ये या बुटक्यापासून तैवानात 'तायचुंग नेटिव्ह-१' तयार झाला. १९६२ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी याच बुटक्याचा संकर इंडोनेशियातल्या उंच 'पेटा'शी केला. पेटाच्या आईबापांपैकी एक बंगालकडचा लतिसाल. संकराची पहिली पिढी सगळीच उंच निघाली, पण दुसऱ्या पिढीत साधारण तीनास एक या प्रमाणात बुटकी रोपं दिसली. म्हणजे बुटकेपणा एका जनुकावर, आणि तोही अप्रभावी. त्यातूनच १९६६ मध्ये 'आयआर-८' आला.

इथे आपण जरा थांबू. तायचुंग नेटिव्ह-१ आणि आयआर-८ या दोघांतही बुटकेपणाचं जनुक तेच आहे. मग दोन्ही सारखेच यशस्वी व्हायला हवे होते ना? तसं झालं नाही. तायचुंग नेटिव्ह-१ भारतात आला, पण जिवाणूजन्य करपा आणि तपकिरी तुडतुडे यांच्यापुढे तो इतका कच्चा ठरला की आजही चाचण्यांमध्ये 'हमखास बळी पडणारा वाण' म्हणून तोच लावतात. भारतात त्याचा संकर ओडिशाच्या टी-१४१शी झाला आणि १९६८ मध्ये 'जया' आला. तोच जया कोकण-गोव्यात घरोघर पोचला. बुटकेपणा तैवानचा होता, पण बाकीचं गणगोत बदललं आणि वाणाचं नशीब पालटलं. या गणगोतालाच आपण जनुकीय पार्श्वभूमी म्हणतो.

२००२ मध्ये हे जनुक सापडलं. त्याचं नाव एसडी-१. जिबरेलिन बनवण्याच्या जवळजवळ शेवटच्या टप्प्यावरचं एक विकर ते तयार करतं. बुटक्या वाणात त्यातली ३८३ अक्षरं गळालेली आहेत. मग संप्रेरकच कमी पडलं तर फुलोरा, दाणा यांचं काय? ते शाबूत राहतात, कारण त्याच कुळातलं दुसरं एक जनुक फुलोऱ्यात काम सांभाळतं. म्हणजे मोडकं जनुक उपयोगी ठरलं ते धडधाकट भावंडामुळे. उलट जिबरेलिनच्याच साखळीत दुसरीकडे बिघाड झालेला जपानचा 'तान-गिनबोझू' पाहा. त्याचा बुटकेपणा प्रयोगशाळेत जिबरेलिन मोजण्यासाठी कामाला आला.

याच एसडी-१चं दुसरं टोक बांगलादेशात आहे. तिथलं खोल पाण्यातलं भात पूर आला की पाण्याबरोबर वाढत जातं. बुडालेल्या खोडात इथिलीन साठतं, ते तिथल्या एसडी-१ला जोर देतं आणि खोड झपाट्याने लांबतं. मग हे जनुक साध्या भातात घातलं की तेही पुरात तरेल का? नागोया विद्यापीठाच्या अशिकारी यांच्या गटाने 'तायचुंग-६५' या साध्या वाणात खोल पाण्याच्या भाताचे गुणसूत्र १, ३ आणि १२ वरचे तुकडे आणले. तिन्ही एकत्र आले तेव्हा तो खोल पाण्यातल्या भातासारखा वाढू लागला. एकट्यादुकट्या तुकड्याने तेवढं साधलं नाही.

आता तुम्ही विचाराल, जनुकाचं काम कुठलं आणि पार्श्वभूमीचं कुठलं, हे ओळखायचं कसं? त्यावर जुना, सावकाश उपाय आहे. संकरातून आलेलं रोप पिढ्यान् पिढ्या त्याच एका वाणाशी पुन्हा पुन्हा संकरित करायचं, म्हणजे शेवटी हवा तेवढा तुकडा सोडून बाकी सगळं सारखं उरतं. याच पद्धतीने जपानच्या चवदार पण लोळणाऱ्या कोशिहिकारीत एसडी-१चा बुटकेपणा आणि दाण्यांची संख्या वाढवणारं सायटोकायनिनचं जनुक एकत्र आणून पाहिलं गेलं. दोन ओळींतला फरक तेव्हाच त्या जनुकाच्या खात्यावर मांडता येतो.

तर प्रश्नाचं उत्तर. एका जनुकाने भात उभं ठेवलं, हे खरं. पण ते कुणाच्या घरात नांदलं यावर पीक ठरलं. आज जनुकसंपादनाने गावरान वाण बुटका करता येईल अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा : त्या वाणाच्या बाकीच्या जनुकांना हे मानवेल का? त्याचं उत्तर शेवटी शेतातच, दोन-चार हंगाम लावून पाहूनच मिळतं.