चैत्यभूमीच्या अलीकडची मुंबई : पायी पाहायचा इतिहास

६ डिसेंबरला दुसरबीडहून जालनामार्गे आपण दादरला उतरतो, चैत्यभूमीवर अभिवादन करतो, पुस्तके घेतो आणि परततो. बाबासाहेब जिथे घडले ते परळ राहूनच जाते. जाणकारांसोबत आता तेही पायी पाहता येते.

सुरुवात बीआयटी चाळ क्रमांक १ पासून करावी, असे आम्हाला वाटते. इथल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, सारे याच पत्त्यावरून! दार वाजवण्याआधी मात्र शेजाऱ्यांना विचारावे. परळच्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. तिथून दादरच्या हिंदू कॉलनीत, पुस्तकांसाठी बांधलेल्या राजगृहाकडे.

गर्दीत हे जमत नाही. एक दिवस आधीच निघावे.