मिळवती नायिका : हंसा वाडकर यांचे आयुष्य

हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म 1923 चा, मुंबईतला. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती, घरी पैशाची ओढाताण होती आणि वडिलांना दारूचे व्यसन होते. शाळा अर्ध्यावर सुटली आणि 1936 च्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून, जेमतेम तेरा वर्षांची असताना, ही मुलगी पडद्यावर आली. साळगावकरांचे नाव सिनेमात नको म्हणून आडनाव बदलून ‘वाडकर’ लावले गेले. तिच्या पगारावर घर चालणार होते, पण घराण्याचे नाव मात्र पडद्यावर चालणार नव्हते.

त्या काळाचा रिवाजच तसा होता. 1913 मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाला करावी लागली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी ‘घरंदाज’ बाईने चित्रपटात जाऊ नये ही समजूत पुढे कित्येक वर्षे टिकली. 1932 मध्ये दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’मध्ये झळकल्या तेव्हा त्यांच्या अभिनयाइतकीच चर्चा त्यांच्या सुशिक्षित, सधन घराण्याची झाली. अभिनेत्री शांता आपटे यांनी तर कराराच्या वादातून 1939 मध्ये ‘प्रभात’ स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिले. स्टुडिओशी भांडण्याइतके बळ आपटे यांच्याकडे होते. हंसाबाईंचा झगडा घरातल्या माणसांशी होता, आणि तो कितीतरी अवघड ठरला.

जगन्नाथ बंदरकर हे त्यांच्या घरच्यांच्या ओळखीतले, वयाने बरेच मोठे गृहस्थ. हंसाबाईंचे त्यांच्याशी कोवळ्या वयात लग्न झाले. लग्नानंतर सिनेमा सोडून संसार करावा, मुलेबाळे असावीत, एवढीच हंसाबाईंची इच्छा होती. प्रत्यक्षात त्यांचे काम थांबू दिले गेले नाही. करार नवरा ठरवी, पैसा त्याच्या हाती जाई आणि वर सहनटांवरून संशयही तोच घेई. रेखा ही मुलगी झाली, पण इतर वेळी मनाविरुद्ध गर्भपात करावे लागल्याचे दुःख त्यांना जन्मभर राहिले. दारूची सवय हळूहळू जडली आणि सुटली नाही.

याच वर्षांत त्यांची कारकीर्द चढत गेली, हे विसरता येत नाही. बॉम्बे टॉकीजच्या ‘दुर्गा’, ‘नवजीवन’ (दोन्ही 1939) आणि ‘आझाद’ (1940) या हिंदी चित्रपटांनंतर त्या ‘प्रभात’मध्ये आल्या. ‘संत सखू’तली (1941) सोशिक सखू त्यांनी उभी केली, आणि ‘लोकशाहीर रामजोशी’त (1947) जयराम शिलेदारांसमोर बयाही त्यांनीच रंगवली. त्या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची वाट मोकळी केली. संतपटातली सासुरवाशीण आणि फडावरची तमासगीर या दोन्ही भूमिकांत तेवढीच खरी वाटणारी नटी विरळाच.

घर असह्य झाले तेव्हा त्या जोशी नावाच्या गृहस्थाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात निघून गेल्या. तिथे त्याच्या इतर बायकांसोबत, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या वाड्यात, त्यांची काही वर्षे गेली. सुटकेसाठी अखेर नवऱ्यालाच बोलवावे लागले. त्या कामी ज्या मॅजिस्ट्रेटसमोर जावे लागले त्यानेच अत्याचार केला, असे त्यांनी पुढे सांगितले. कायदाही त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. यापेक्षा काळा प्रसंग त्यांच्या आयुष्यात दुसरा नसावा.

1959 मध्ये हंसाबाईंची भूमिका असलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला. पुण्याच्या ‘विजयानंद’ चित्रपटगृहात तो सुमारे अडीच वर्षे चालला. पुढे हेच नाव हंसाबाईंच्या आत्मकथनाला मिळाले. पत्रकार अरुण साधू यांनी त्यांच्या तोंडून ऐकून ते शब्दबद्ध केले. आधी ‘माणूस’ या नियतकालिकातून आलेला हा मजकूर 1970 मध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्यात स्वतःची बाजू सावरण्याचा खटाटोप नाही. व्यसन, परपुरुषांशी आलेले संबंध, मुलीपासूनची ताटातूट, सारे सरळ बोलीत सांगितले आहे. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मकथनांत इतका निर्भय मोकळेपणा त्याआधी क्वचितच आला होता. आपल्या चुका मांडणारी ही बाई दयेची याचना कुठेही करत नाही, हेच या पुस्तकाचे मोठेपण.

पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच, 23 ऑगस्ट 1971 रोजी हंसाबाईंचे निधन झाले. 1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी याच आत्मकथनावरून ‘भूमिका’ हा चित्रपट काढला. त्यातली नायिका उषा साकारणाऱ्या स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर पटकथेच्या राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे हे ठरले.